अणुकचरा उपसणारा मेकॅनिकल इंजिनिअर - विचारा काय विचारायचं ते

गंजका नट (धागालेखक)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो. मागच्या महिन्यात कुठल्याशा धाग्यावर सहज लिहून गेलो की मी अणुकचरा उपसायच्या कामात आहे, तर पाच-सहा व्यक्तिगत निरोप आले. त्यातल्या दोघांनी विचारलं की रात्री अंगातून उजेड पडतो का. नाही हो, उजेड कुठेच पडलेला नाही, विचारा आमच्या घरी.

तर म्हटलं एकदाच काय ते लिहून टाकू. मी मेकॅनिकलवाला, फिजिक्सशी संबंध बारावीच्या पुस्तकापुरता. पहिली तीन वर्षं आमच्या भागातल्या एका साखर कारखान्यात मेंटेनन्सला काढली, मग पुण्यात प्रेशर व्हेसलच्या ड्रॉइंग ऑफिसात, आणि गेली १३ वर्षं इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यात, कंब्रियात, सेलाफिल्डच्या कामावर. साइटची नोकरी नाही, कॉन्ट्रॅक्टर कंपनीची आहे, नाव सांगत नाही.

सेलाफिल्ड म्हणजे समुद्राकाठचा एक तुकडा आणि त्यात एकमेकांना खेटून इमारती, पाइपांचे पूल, चिमण्या. बॉम्बसाठी प्लुटोनियम करायच्या घाईत इथे विंडस्केलच्या दोन अणुभट्ट्या बांधल्या, त्यातल्या एकीला ऑक्टोबर १९५७ मध्ये आग लागली. कॅल्डर हॉलचं वीजकेंद्र १९५६ चं, ते २००३ ला बंद झालं. मग पुनर्प्रक्रियेचे कारखाने (वापरलेल्या इंधनातून कामाचं युरेनियम-प्लुटोनियम वेगळं काढायचे), ते पण आता बंद, थॉर्प २०१८ ला आणि मॅग्नॉक्सचा २०२२ ला. म्हणजे आता तिथे नवीन काही बनत नाही, जवळपास अकरा हजार माणसं निव्वळ आवराआवर करतात. सगळी साइट साफ व्हायचा अंदाज सन २१२५ आणि खर्च १३६ अब्ज पौंड. आकडा चुकलेला नाही, साल पण चुकलेलं नाही.

माझा संबंध सायलोंशी, म्हणजे कचऱ्याच्या बंद काँक्रीटच्या कोठारांशी. मॅग्नॉक्स इंधन म्हणजे युरेनियमची कांडी आणि वर मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं आवरण. शेंगदाणा आणि टरफल समजा. पुनर्प्रक्रियेआधी टरफल सोलून काढायचे, दाणा पुढे आणि टरफलं सायलोत, पाण्याखाली. साठच्या दशकापासून वर्षानुवर्षं टाकत गेले, सायलो भरला की शेजारी नवीन कप्पे, असे एकूण २२ कप्पे झाले. आता मॅग्नेशियम पाण्यात पडलं की गंजतं, हायड्रोजन सुटतो, उष्णता सुटते, आणि टरफलांचा चिखल होतो. त्यात त्या काळी जे जे नकोसं झालं ते ते पण टाकलेलं, तुटके पाइप, हत्यारं, काय वाट्टेल ते. वरून टाकायची सोय व्यवस्थित केलीये. काढायची सोय केलेलीच नाही, ती "पुढचे लोक बघतील".

पुढचे लोक म्हणजे मी :)

---

कोकमकढी

भारी विषय! पुढील भागाच्या प्रतीक्षेत. पण एक शंका, टरफलं म्हटल्यावर टिळकच आठवले. तुम्ही शेंगा खाल्ल्या नाहीत तर टरफलं का उचलताय?

---

गंजका नट

@कोकमकढी, आमच्या कँटीनमध्ये मी ही गोष्ट इंग्रजीत सांगून बघितली, कुणी हसलं नाही. टिळकांना महिन्याला पगार देऊ केला असता तर त्यांनीही विचार केला असता असं माझं मत (हलके घ्या).

---

फायनल इयर मेक

दादा मी मेकॅनिकल शेवटच्या वर्षाला आहे. यात नक्की मेकॅनिकलचं काम काय असतं? मला वाटायचं सगळे सायंटिस्ट असतात तिथे.

---

गंजका नट

चांगला प्रश्न, जरा सविस्तर लिहितो.

सायंटिस्ट आत काय आहे ते सांगतो, तेही अंदाजाने. ते बाहेर काढायचं यंत्र मेकॅनिकलवाला बनवतो. एक मोठा पंजा, त्याला खाली सोडायची विंच, आजूबाजूला किरण अडवणारं जाड शिल्डिंग, खाली तीन घनमीटरची स्टेनलेसची पेटी, पेटीला झाकण, पेटी हलवायची गाडी. २२ कप्पेवाल्या सायलोवर असं यंत्र बसवलंय, एकेका यंत्राचं वजन ३६० टनांच्या आसपास, अशी तीन. पहिला पंजा कचरा घेऊन वर आला २०२२ मध्ये. यंत्राची कल्पना माझ्या आधीच्या पिढीतल्या इंजिनिअरांची, त्यातले काही रिटायर होऊन गेले.

दुसरा सायलो त्याहून जुना, पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीचा, धान्याच्या सायलोवरून डिझाइन केलेला. त्याला तर वरून हात घालायची सोय नव्हती म्हणून बाजूच्या काँक्रीटच्या भिंतीला सहा भोकं पाडली, प्रत्येक कप्प्याला एक, त्याला स्टीलचे दरवाजे बसवले. आतला माल हवा लागली तर पेट घेईल म्हणून आत आर्गॉन वायू भरलेला. म्हणजे सत्तर वर्षांच्या भिंतीला भोक पाडायचं, पलीकडे काय टेकलंय ते दिसत नाही, आणि आतला वायू बाहेर, बाहेरची हवा आत जाऊ द्यायची नाही. २०२३ मध्ये तिथून कचरा निघायला लागला.

यात न्यूक्लिअर काय आहे सांग बरं? वेल्डिंग आहे, सील आहे, बेअरिंग आहे, वायररोप आहे. फरक एवढाच की बिघडलं तर जवळ जाऊन बघता येत नाही.

आणि हा "एवढाच" मला कळायला एक वर्ष गेलं. इथे आल्यावर पहिलं काम मिळालं कॅमेऱ्याच्या ब्रॅकेटचं. अगदी फालतू. चार बोल्ट एम १२, खाली वायसर, वर लॉकनट, साखर कारखान्यात आयुष्यभर हेच केलेलं. ड्रॉइंग घेऊन वर्कशॉपमध्ये गेलो. तिथे एक म्हातारा टेक्निशियन होता, कधीच घाईत नसायचा. त्याने ड्रॉइंग बघितलं, काही बोलला नाही, ब्रॅकेटचा नमुना व्हाइसमध्ये लावला, मला रबराचे दोन जोड हातमोजे घालायला लावले, हातात मीटरभर लांबीचा चिमटा दिला, चिमट्यात पाना धरून दिला आणि मला पाठमोरं उभं करून समोर एक छोटा टीव्ही ठेवला. म्हणे, उघड.

पाऊण तास. बोल्ट सैल झाला की नट त्याच्याबरोबर गरगर फिरायचा. एक नट निघाला तर वायसर घरंगळत गेला. टीव्हीत खोली कळत नाही त्यामुळे पाना बोल्टच्या पुढे की मागे तेच समजेना. घामाने मोज्यात पाणी साचलं. शेवटी तो म्हणाला, वायसर कुठे आहे? मी म्हटलं असेल की खाली कुठेतरी. तो म्हणाला, खाली सायलो आहे.

त्या दिवसानंतर सुटा वायसर मी काढलाच नाही. बोल्ट असा की सैल झाला तरी ब्रॅकेटमध्येच अडकून राहतो, नट वेल्ड केलेला, डोकं मोठं आणि उतरतं म्हणजे पाना आपोआप बसतो, आणि ब्रॅकेटला वरून उचलायला एक कडी. ब्रॅकेट तेच, पण डिझाइनला चार महिने लागले.

---

एक्सेलशीट

चार महिने एका ब्रॅकेटला? म्हणूनच १३६ अब्ज होतात. आमच्याकडे जुगाड करून संध्याकाळपर्यंत लावलं असतं.

---

गंजका नट

लावलं असतं, मान्य. काढलं कसं असतं?

मी पण जुगाडवालाच होतो हो. कारखान्यात सीझन चालू असताना मिल बंद पडली की बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग वाढत जाते, चीफ इंजिनिअर डोक्यावर उभा, मग पॅकिंगच्या जागी ट्यूबचा तुकडा पण चालतो, ऑफ सीझनला नीट करू. इथे ऑफ सीझन नाही हा प्रॉब्लेम आहे. एकदा यंत्र गरम (म्हणजे किरणोत्सर्गी) भागात गेलं की परत हाताने शिवता येत नाही. त्यामुळे प्रत्येक डिझाइनच्या मीटिंगला पहिला प्रश्न असतो की हे आत मेलं तर प्रेत बाहेर कसं काढायचं. मोटर जळाली तर? रोप अडकला तर? पंजा बंद स्थितीत जॅम झाला तर? विंचला हाताने फिरवायचं हँडल शिल्डिंगच्या बाहेर आहे का?

पण खर्चाबद्दल तुमचं सगळंच चूक नाही. कागदपत्रं हा एक वेगळा कचरा आहे, त्याचं अर्धआयुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) कुणी मोजलेलं नाही. मी आलो तेव्हाच्या कंपनीत (आता तिथे नाही) सिक्युरिटी क्लिअरन्सचे कागद कुणाच्या तरी टेबलावर राहिले आणि मी सात महिने गेटबाहेरच्या ऑफिसात बसून न बघितलेल्या इमारतीची ड्रॉइंगं करत होतो. बरं ती जुनी ड्रॉइंगं पण खोटं बोलतात. १९६० च्या ड्रॉइंगवर पाइप भिंतीच्या डावीकडे, प्रत्यक्षात उजवीकडे, कारण त्या दिवशी फिटरला तिकडून सोपं पडलं.

---

मुक्काम पोस्ट बोईसर

छान लिहिताय. आम्ही तारापूरच्या सावलीत वाढलो (१९६९ पासूनचं केंद्र आहे, देशातलं पहिलं), वडील प्लांटमध्ये होते. लहानपणी त्यांचा टीएलडी बॅज (अंगावर किती किरण पडले ते मोजणारा) मला पोलिसाच्या बिल्ल्यासारखा वाटायचा, शाळेत लावून जायचा हट्ट करायचो आणि एकदा फटके खाल्लेत. नंतर कळलं की बॅज घरी आणायचाच नसतो, एके दिवशी चुकून आला होता आणि तेवढ्यावरून त्यांची केवढी चौकशी झाली होती.

प्रश्न असा की भारतात हा कचरा जातो कुठे? कुणी जाणकार प्रकाश टाकतील का?

---

अणुशक्तीनगर रिटायर्ड

प्रकाश टाकतो, किरण नाही. बत्तीस वर्षं ट्रॉम्बेत, भाभा अणुसंशोधन केंद्रात काढली, त्यातली बरीचशी वेस्ट मॅनेजमेंटमध्ये. जे छापून आलेलं आहे तेवढंच लिहीन.

कमी तीव्रतेचा घन कचरा, म्हणजे मोजे, फडकी, फिल्टर वगैरे, दाबून किंवा जाळून आकार कमी करतात आणि केंद्राच्या आवारातच काँक्रीटच्या चरांमध्ये आणि जमिनीत उभ्या गाडलेल्या नळ्यांमध्ये ठेवतात, त्यांना आम्ही टाइल होल म्हणतो. आजूबाजूला बोअरवेल असतात, त्यातलं पाणी नियमित तपासतात.

खरी गंमत तीव्र कचऱ्याची. पुनर्प्रक्रियेनंतर जे ॲसिड उरतं त्याची काच करायची. बोरोसिलिकेट काच, साधारण साडेनऊशे ते हजार डिग्रीला वितळवून स्टीलच्या डब्यात ओतायची. ट्रॉम्बेचा प्लांट २००२ चा, तिथे इंडक्शनची भट्टी. तारापूरला त्याआधीपासून काच होत होती, तिथे पुढे ज्यूल हीटेड सिरॅमिक मेल्टर आला, म्हणजे काचेतूनच करंट जातो आणि काचच स्वतःला तापवते. डबा भरला, थंड झाला की झाकण वेल्ड, मग असे तीन डबे एका मोठ्या पेटीत आणि त्या तारापूरच्या व्हॉल्टमध्ये. तिथे पंखे नाहीत. डब्यांच्या उष्णतेने हवा वर चढते, चिमणीतून जाते, खालून गार हवा येते. वीज गेली तरी थंड होतच राहतं.

गंजका नटांनी चिमट्याचं लिहिलं ते वाचून हसू आलं. आमच्याकडे मॅनिप्युलेटर. पाच फूट जाड भिंतीच्या अलीकडे तुम्ही मूठ धरायची, पलीकडे यांत्रिक हात तसाच हलतो, मध्ये पिवळसर शिशाच्या काचेची खिडकी. नवीन पोरांना पहिल्या आठवड्यात आम्ही एकच काम द्यायचो, पलीकडच्या टेबलावरची काड्यापेटी उघडून काडी बाहेर काढायची. काड्या मोडायच्या हो! आणि जो पोरगा घरी आईला स्वयंपाकात मदत करायचा त्याला पटकन जमायचं असं माझं निरीक्षण आहे, सांडशीने गरम पातेलं धरायची सवय असते ना.

---

निवांत पोपट

आमच्याकडे पक्कड म्हणतात. चालू द्या.

---

मेथीची जुडी

काका आणि नट साहेब, दोघांनाही विचारते. माझ्या भावाला परदेशात अशाच कामाची ऑफर आली आहे आणि आई जेवत नाहीये. खरंखरं सांगा, तब्येतीवर काय परिणाम?

---

गंजका नट

ताई, आईंना सांगा की मुलगा बहुतेक वेळ टेबलावर बसून ड्रॉइंग करणार आहे.

आकडे देतो. कामगारांची कायदेशीर मर्यादा इथे वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेले किरण मोजायचं एकक). माझा गेल्या अनेक वर्षांतला कुठलाही वार्षिक आकडा एकच्या वर गेलेला नाही. इंग्लंडात राहणाऱ्या माणसाला नुसत्या जमिनीतून, घरातल्या रेडॉनमधून, एक्सरेतून सरासरी २.७ मिळतात. पोटाचा एक सीटी स्कॅन दहाच्या आसपास. धोका नाही असं म्हणत नाही, पण तो मोजता येतो आणि रोज मोजतात. बाहेर पडताना मशीनमध्ये हात-पाय घालून उभं राहायचं, हिरवा दिवा लागला तर घरी. मला आधी भीती वाटायची ती रेडिएशनची, आता वाटते ती क्रेनखाली उभं राहण्याची आणि शिडीवरून पडण्याची.

---

अणुशक्तीनगर रिटायर्ड

सहमत. भारतात पाच वर्षांत मिळून १००, आणि कुठल्याही एका वर्षी ३० च्या वर नाही.

मला विचाराल तर प्लांटमधल्यापेक्षा प्लांटबाहेर विसरलेल्या वस्तूची भीती जास्त. २०१० मध्ये दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात विद्यापीठाचं जुनं गॅमा मशीन लिलावात गेलं, आत कोबाल्ट ६० होतं, कुणालाच माहीत नाही. भंगारवाल्यांनी ते फोडलं, एक माणूस गेला.

---

कोकमकढी

पण काका, ही काच हजारो वर्षं सांभाळायची म्हणजे नातवंडांच्या डोक्यावर ओझंच ना?

---

अणुशक्तीनगर रिटायर्ड

सुरुवातीची बरीचशी उष्णता आणि किरण सीझियम १३७ आणि स्ट्रॉन्शियम ९० चे. दोघांचं अर्धआयुष्य तीस वर्षांच्या आसपास. तीनशे वर्षांत हजारावा हिस्सा उरतो. महाराजांच्या राज्याभिषेकाला २०२४ मध्ये साडेतीनशे वर्षं झाली, रायगडावरच्या टाक्यांत अजून पाणी आहे. तीनशे वर्षं टिकणारी वस्तू माणसाला करता येते. प्लुटोनियमची गोष्ट वेगळी, त्याचं २४ हजार वर्षं. ते पुनर्प्रक्रियेत काढून घेतात, पण थोडं मागे राहतंच. ओझं आहेच, मी नाही म्हणणार नाही.

आणि सगळंच ओझं नसतं. त्याच कचऱ्यातून सीझियम वेगळं काढून त्याच्या काचेच्या पेन्सिली ट्रॉम्बेत केल्या, त्या रक्तपेढ्यांत रक्तावर किरण सोडायच्या मशीनमध्ये जातात.

---

एक्सेलशीट

केंद्र बंद झाल्यावर ते मोडायचा खर्च भारतात कोण देणार?

---

अणुशक्तीनगर रिटायर्ड

अणुविजेच्या प्रत्येक युनिटमागे दोन पैसे त्यासाठी बाजूला काढतात. पुरतील का हा प्रश्न तुमच्या एक्सेलला विचारा.

---

निवांत पोपट

अवांतर: फुकुशिमाचं काय झालं पुढे? जपानी लोकांकडे तर रोबोच रोबो.

---

गंजका नट

अवांतर नाही, हा तर आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा पेपर आहे.

२०११ च्या त्सुनामीनंतर तीन रिॲक्टरमध्ये मिळून अंदाजे ८८० टन वितळलेलं इंधन आणि त्यात मिसळलेलं लोखंड-काँक्रीट पडून आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये दोन नंबरच्या रिॲक्टरमधून पहिला नमुना काढायचं ठरलं. गळासारखं लांबत जाणारं यंत्र, टोकाला चिमटा. ते आत ढकलायला मागून दीड-दीड मीटरचे पाच पाइप एकामागोमाग जोडायचे. सगळी तयारी झाली आणि सुरू करायच्या वेळी लक्षात आलं की पाइप चुकीच्या क्रमाने मांडलेत. काम बंद. पाइप मांडणं सोपं काम म्हणून केंद्र चालवणाऱ्या कंपनीच्या माणसांनी स्वतः तपासलंच नव्हतं. सप्टेंबरात परत सुरू केलं तर टोकाचे कॅमेरे गेले. शेवटी नोव्हेंबरात नमुना बाहेर आला. वजन ०.७ ग्रॅम.

हसू नका. आमच्या ऑफिसात ही बातमी वाचून कुणी हसलं नव्हतं. पूर्ण अंग झाकून, तोंडावर मास्क, मिनिटं मोजून काम करायचं आणि मग पाइपवरचा नंबर वाचायचा, कुणाचंही चुकेल. मी त्या दिवशी जागेवर परत जाऊन आमच्या जोडांकडे बघितलं, दोन भाग अदलाबदल करून बसतात का. एका ठिकाणी बसत होते. आता बसत नाहीत, एकाची खुंटी डावीकडे आणि दुसऱ्याची उजवीकडे केली.

---

फायनल इयर मेक

दादा, काका, मला खरंच यात यायचंय. काय करू?

---

अणुशक्तीनगर रिटायर्ड

बाळ, भाभा अणुसंशोधन केंद्राचं ट्रेनिंग स्कूल. इंजिनिअरिंगला ६० टक्के हवेत, गेट परीक्षेच्या मार्कांवर मुलाखतीला बोलावतात, मुलाखत लांब असते आणि मुळापासून विचारतात. थर्मो, स्ट्रेंथ, फ्लुइड, यातले दोन-तीन विषय तरी असे कर की झोपेतून उठवलं तरी सांगता येतील. येत नसेल तिथे येत नाही म्हण. निवड झाली की वर्षभर स्टायपेंडवर शिकवतात.

---

गंजका नट

काकांनी सांगितलं ते कर. परदेशी थेट नोकरी अवघड आहे, भारतीय पासपोर्टवर काही इमारतींत प्रवेशच नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आधी प्रेशर व्हेसल, क्रेन, वेल्डिंग असं कुठलं तरी हात काळे होणारं काम दोन-चार वर्षं कर.

आणि आजच्या आज करायचं असेल तर एक गृहपाठ. घरातला बंद पडलेला मिक्सर घे. बंद पडलेला! प्लग काढून ठेव. दोन जोड हातमोजे घाल, हत्याराला थेट हात लावायचा नाही, सांडशीत (@निवांत पोपट, पक्कडीत) धरायचं, मिक्सरकडे बघायचं नाही, मोबाइलचा कॅमेरा लावून स्क्रीनवर बघायचं. तळाचे स्क्रू काढून मोटर बाहेर. वेळ लिही इथे.

उद्या सकाळची टेस्ट आहे, साडेसहाला निघायचंय, बाकीच्यांना उद्या उत्तरं देतो.

---

मेथीची जुडी

आईला धागा वाचून दाखवला. जेवली. पण म्हणते क्रेनखाली उभा राहू नको म्हणावं.

---

फायनल इयर मेक

दादा केलं. १ तास ४० मिनिटं. आजी मागे उभी राहून हसत होती. मोटर निघाली, स्क्रू चारही आहेत पण एक वायसर सापडत नाहीये. मोटर परत बसवू का तशीच?

---

गंजका नट

नाही. वायसर सापडेपर्यंत काम बंद.

---

फायनल इयर मेक

ओके. सोफा हलवतोय.

---

फायनल इयर मेक

सापडला. आजीच्या चपलेत होता.